कोल्हापूर, गाड्या आणि पुनर्विकास: शहराचा अभ्यास करू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बारावीनंतर काय करावं हे विचारणारी मुलं, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टचे गट, भूगोल किंवा समाजशास्त्रात एम.ए. करणारे विद्यार्थी आणि अलीकडे जुना वाडा पाडून इमारत बांधायच्या विचारात असलेली पेठेतली कुटुंबं. या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून त्याच ठिकाणी येतात. म्हणून ते एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. सगळी उत्तरं कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

हा विषय नेमका काय आहे? नगररचना, वाहतूक की पर्यावरण?

तिन्ही. जुन्या वस्तीच्या जागी काय बांधायचं, किती उंच बांधायचं, तळमजल्यावर दुकान ठेवायचं की पार्किंग, हे एकदा ठरलं की पुढची पन्नास वर्षं तिथली माणसं कामाला, शाळेला, बाजाराला कशी जातील तेही ठरून जातं. घरापासून दूध, भाजी, दवाखाना आणि बसथांबा चालत गाठता आला तर गाडी लागत नाही. ते सगळं चार किलोमीटरवर गेलं की गाडीवाचून चालत नाही. म्हणून इमारतींचा पुनर्विकास आणि गाड्यांवरचं अवलंबन एकत्रच अभ्यासावं लागतं. आपल्याकडे बांधकाम परवानगीची फाइल एका टेबलावर असते आणि वाहतुकीची दुसऱ्या. अभ्यास करणाऱ्यानं तरी या दोन्ही फाइली एकत्र ठेवून वाचाव्यात.

कोल्हापुरात मोटारींची गर्दी पुण्या-मुंबईसारखी कुठं आहे? इथं हा विषय कशाला?

इथंच तो शिकावा असं मला मनापासून वाटतं, कारण इथं अजून वेळ गेलेली नाही.

महापालिकेचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजारांवर होती. हे क्षेत्र एक वर्तुळ मानलं तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर साडेचार-पावणेपाच किलोमीटर भरतं. रेल्वे स्टेशनवरून अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जाता येतं, देवळापासून रंकाळा तर जवळच. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ या वस्त्या माणसाच्या पावलांच्या मापानं वसल्या आहेत. खाली दुकान, वर घर, दारात कट्टा. जगभरचे नगररचनाकार नव्यानं बांधू पाहतात ती जवळीक आपल्याकडे वडिलोपार्जित आहे.

मोटारींपेक्षा इथं दुचाकी जास्त. आपलं अवलंबन दुचाकीचं आहे आणि म्हणून अमेरिकी शहरांवरचे निष्कर्ष इथं जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुचाकी जागा कमी घेते, गल्लीत शिरते, कुठंही उभी राहते, त्यामुळे तिचा त्रास पटकन दिसत नाही. तो सोसतो फुटपाथवरून उतरून रस्त्यावर चालणारा म्हातारा माणूस, आणि आपल्या मोजणीत तो कुठंच नसतो.

शिवाय शहर बाहेर पसरत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींकडे रोज माणसं जातात. उचगाव, पाचगाव, कळंबा या बाजूंना घरं वाढली. हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आणि सहा जिल्ह्यांतले पक्षकार भाऊसिंगजी रोडच्या परिसरात येऊ लागले. ही माणसं कशानं येतील, कुठं उतरतील, किती चालतील, हा एका प्रबंधाचा विषय आहे.

अभ्यासाला सुरुवात कुठून करू?

एका चौकात उभं राहून माणसं मोजा. गाड्या मोजू नका, माणसं मोजा. हे उत्तर ऐकून बरेच जण थोडे नाराज होतात, कारण त्यांना सॉफ्टवेअरचं नाव हवं असतं. तरीही सुरुवात इथूनच करा.

कारण असं. वाहतुकीच्या नेहमीच्या सर्वेक्षणात प्रत्येक वाहनाचं रूपांतर ‘पीसीयू’ (पॅसेंजर कार युनिट) या एककात करतात. मोटार म्हणजे एक एकक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) कोष्टकांत बस तीनच्या आसपास धरतात आणि दुचाकी अर्ध्याच्या आसपास. रस्त्याचा प्रकार आणि वाहनांचं मिश्रण बघून आकडा बदलतो. पायी चालणाऱ्याला या हिशेबात एककच नाही. आता हा हिशेब उलटा करून बघा. चाळीस माणसं घेऊन जाणारी केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, तीन एककं भरते, म्हणजे एका एककात तेरा माणसं. दोघांना घेऊन जाणारी मोटार एका एककात दोन माणसं नेते. दुचाकीवर सरासरी दीड माणूस धरला तर एका एककात तीन. पहिल्या हिशेबात बस हे तिप्पट ओझं ठरतं आणि दुसऱ्यात तीच रस्त्याचा सगळ्यात चांगला वापर करणारी ठरते. रस्ता तोच, वाहनं तीच. काय मोजायचं एवढंच बदललं, आणि त्याबरोबर निर्णयही बदलतो. उड्डाणपूल हवा की बससाठी वेगळी मार्गिका, याचा निकाल कित्येकदा या कोष्टकातच लागलेला असतो.

म्हणून पहिला तक्ता स्वतः आखा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी करा. रकाने असे: पायी, सायकल, दुचाकी आणि तिच्यावरची माणसं, रिक्षा आणि तिच्यातली माणसं, मोटार आणि तिच्यातली माणसं, बस आणि तिच्यातली अंदाजे माणसं. पायी चालणाऱ्यांत पुरुष, बायका, मुलं, काठी टेकणारे असे वेगळे रकाने ठेवा. दसरा चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी किंवा पापाची तिकटी, यातलं एक ठिकाण निवडा. सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजा. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस वेगळा ठेवा. बरोबर टेप न्या आणि फुटपाथची मोकळी रुंदी मापा. डांबर-काँक्रीट किती हे सोडा, खांब, विजेच्या डीपी (पेट्या), पाट्या, उभ्या दुचाकी वगळून पाय टाकायला किती जागा उरते ते मापा. आयआरसीच्या मार्गदर्शक सूचना किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगतात. तुमचा आकडा शेजारी लिहा आणि दोन्ही आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर ठेवा.

रस्ते रुंद केले की कोंडी सुटेल ना?

थोडे दिवस सुटते. रस्ता मोकळा झाला की आधी घरी थांबणारा, दुसऱ्या वेळी जाणारा किंवा बसनं जाणारा माणूस गाडी काढतो आणि काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. वाहतूकशास्त्रात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. उलटही घडतं. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चेऑनग्येचॉन ओढ्यावर उभारलेला उन्नत महामार्ग २००३ पासून पाडला आणि २००५ मध्ये तिथं ओढा मोकळा करून लोकांना चालायला काठ दिला. शहराची वाहतूक बंद पडली नाही. आपल्या जयंती नाल्याच्या काठानं चालून आलात तर हे उदाहरण का देतो ते कळेल. शहराच्या मध्यातून जाणारा हा प्रवाह आज सगळ्यांनी पाठ फिरवलेली जागा आहे.

जुन्या पेठेत रुंदीकरणाचा आणखी एक परिणाम होतो, तो वाड्यांच्या उत्तरात पुढं येईल. आणि कोल्हापूरकरांना रस्त्याच्या खर्चाचा हिशेब विचारायची सवय आहेच. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल डिसेंबर २०१५ मध्ये रद्द झाला तो लोकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून लढा दिल्यामुळे. हाच प्रश्न फुटपाथ आणि बसच्या खर्चाबद्दलही तेवढ्याच जोरात विचारला जावा अशी माझी फार इच्छा आहे.

मग पार्किंगचं काय? बहुमजली पार्किंग बांधलं की प्रश्न मिटेल का?

आधी जागेचा हिशेब करा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या एका जागेचं माप २.५ गुणिले ५ मीटर आहे, म्हणजे १२.५ चौरस मीटर. गाडी आत-बाहेर काढायची वाट धरली तर प्रत्यक्षात एका मोटारीला त्याच्या दुपटीहून जास्त जागा लागते. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) आर्थिक दुर्बल घटकांच्या घराची मर्यादा ३० चौरस मीटर चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, होती. एका उभ्या मोटारीच्या जागेत जवळजवळ एक घर बसतं. ही तुलना विद्यार्थ्यांनी विसरू नये.

देवळाच्या दाराशी फुकट किंवा स्वस्त पार्किंग दिलं की त्याच दारापर्यंत गाडी आणायला माणूस उत्सुक होतो. जागा कितीही वाढवा, शनिवार-रविवारी ती पुरणार नाही. याउलट पार्किंग शहराच्या कडेला, तिथून दर काही मिनिटांनी बस आणि मध्यभागी उभ्या गाडीला तासाप्रमाणे पैसे, असा क्रम लावला तर गर्दी विभागते. मध्यभागी राहणाऱ्यांना वेगळा दर द्यावा लागेल. या विषयावर चांगला प्रोजेक्ट करायचा तर एका पार्किंगच्या जागेची दर तासाला नोंद ठेवा. किती गाड्या, किती वेळ, त्यातल्या दुकानदारांच्या स्वतःच्या किती. हा शेवटचा आकडा बहुतेक वेळा चर्चेचा रोख बदलतो.

महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड कायमचे चालणाऱ्यांसाठी ठेवता येतील का?

या प्रश्नाचा अभ्यास करायला कोल्हापूरइतकी चांगली जागा दुसरी नाही. नवरात्रात देवळाच्या भोवतालचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि शहर ते दिवस चालतं. गणपती विसर्जनाला तर सगळा मिरवणूक मार्ग माणसांचा होतो. म्हणजे प्रयोग दर वर्षी आपोआप होतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. नवरात्राच्या आधीचा आठवडा, नवरात्र आणि नंतरचा आठवडा, अशी तीन वेळा मोजणी करा. गिऱ्हाईक, आवाज, फेरीवाले, रिक्षावाल्यांच्या फेऱ्या, शेजारच्या गल्ल्यांवर आलेला ताण, सगळं लिहा.

बाहेरची उदाहरणं भरपूर आहेत. स्पेनमधलं पाँतेवेद्रा हे सुमारे ८० हजार वस्तीचं जुनं शहर यात्रेकरूंच्या वाटेवर आहे. तिथं १९९९ पासून मध्यभागातून आरपार जाणाऱ्या गाड्या काढून टाकल्या आणि शहर पुन्हा चालणाऱ्यांचं केलं. अमृतसरमध्ये सुवर्णमंदिराकडे जाणारा रस्ता २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी नव्यानं मांडला. दिल्लीचा चांदणी चौक २०२१ पासून दिवसभर मोटारींना बंद झाला. आणि आपल्याच राज्यात माथेरान आहे, तिथं तर मोटारींना प्रवेशच नाही. यातलं कुठलंही उदाहरण उचलून इथं बसवता येणार नाही, पण प्रत्येकातून एखादा प्रश्न मात्र नक्की मिळतो.

विरोध कोण करतं आणि का, ते प्रामाणिकपणे ऐका. दुकानदाराला धंदा बसायची भीती असते. युरोपातल्या काही शहरांत दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांनी गाडीनं येणाऱ्या गिऱ्हाईकांचा वाटा प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त सांगितला होता. गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) आणि महाद्वार रोडवरच्या गिऱ्हाईकांना तुम्ही स्वतः विचारा, आज कशानं आलात. माल उतरवायची वेळ, आजारी माणसाला न्यायची वाट, अग्निशमन दल, अंत्ययात्रा, या गोष्टींची उत्तरं आराखड्यात नसतील तर तो आराखडा त्या गल्लीतला माणूस स्वीकारणार नाही आणि त्यानं स्वीकारूही नये. फेरीवाल्यांना हटवून रस्ता ‘सुंदर’ करायचा मोह सगळ्यांत वाईट. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे, त्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत अशी तरतूद आहे. रस्त्यावर बायका निर्धास्त उभ्या राहतात त्याचं एक कारण संध्याकाळी उशिरापर्यंत तिथं विकायला बसलेली माणसं हेही आहे.

बैठक घ्यायची तर तालमीत, म्हणजे पेठेतल्या आखाड्यात घ्या. कोल्हापुरात पेठेचं मत तालमीत आणि मंडळात तयार होतं. तिथं एक संध्याकाळ बसलात तर कार्यालयातल्या सुनावणीत कळणार नाही ते कळतं. फक्त बायका तिथं येत नाहीत हे ध्यानात ठेवून त्यांच्याशी वेगळं, त्यांच्या सोयीच्या वेळी बोला.

केएमटीचा अभ्यास कसा करावा?

दोन बसमधलं अंतर मोजा. प्रवाशाला मार्गांची संख्या फारशी कामाची नसते, त्याला पुढची बस कधी येणार ते हवं असतं. दहा मिनिटांत बस येते अशी खात्री असेल तर माणूस वेळापत्रक न बघता थांब्यावर येतो. पाऊण तास अनिश्चित असेल तर तो कर्ज काढून दुचाकी घेतो. कुटुंबाच्या खर्चातला तो हप्ता आणि पेट्रोल हे बस नसण्याची किंमत आहे. ती महापालिकेच्या ताळेबंदात दिसत नाही, घराच्या ताळेबंदात दिसते. बससेवा तोट्यात आहे असं म्हणण्याआधी ही बेरीज करून बघा.

शेजारचे दोन विषयही समृद्ध आहेत. एक वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या खासगी गाड्या. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या बाजूंनी शहरात येणाऱ्या माणसाला वडाप वेळेवर पोचवतं, पण त्याचा नकाशा कुठंच नाही. दुसरा, १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना मिळालेली निम्म्या तिकिटाची सवलत. त्यामुळे कोण घराबाहेर पडू लागलं, कामाची जागा बदलली का, मुलीला लांबच्या कॉलेजात घातलं का, हे सीबीएसवर (मध्यवर्ती एसटी स्थानकावर) उभं राहून विचारण्यासारखं आहे. बायकांचा प्रवास सरळ नसतो. शाळा, बाजार, दवाखाना, माहेर असे टप्पे एकाच फेरीत जोडलेले असतात, आणि तिकीट दर टप्प्याला नव्यानं काढावं लागतं.

सायकल?

पावसाळा आणि चढ ही दोन कारणं लोक आधी सांगतात. खरं कारण बहुधा भीती असते. सायकलवाल्याला वेगळी वाट आणि चौकात संरक्षण दिलं तरच आई मुलाला सायकलवर शाळेत पाठवते. शाळेच्या आसपासच्या पाचशे मीटरपासून सुरुवात करावी.

सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की हा विषय संपेल ना?

धूर कमी होईल, आवाज कमी होईल, आणि ते हवंच आहे. जागा मात्र तेवढीच लागते. कोंडीत अडकलेली ई-मोटार कोंडीच असते. केंद्राच्या २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेसारखा पैसा बसकडे जातो तेव्हा दोन्ही कामं होतात, म्हणून विजेचा विचार आधी बससाठी करावा असं माझं मत आहे.

आमचा पेठेतला वाडा पुनर्विकासाला द्यायचा आहे. यात ‘शाश्वत’ म्हणजे काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण मोठ्या प्रकल्पांपेक्षा अशा शेकडो छोट्या निर्णयांनी शहर बदलतं.

सध्या काय होतं ते बघा. दगडी जोतं, सोपा (पुढची पडवी) आणि लाकडी माडी असलेलं घर जातं. त्या जागी खांबांवर उभी इमारत येते आणि तळमजला पार्किंगला जातो. नियमावली सदनिकेच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात पार्किंग मागते. ते भरून काढताना रस्त्याकडचं तोंड बंद होतं. जिथं आजी सोप्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष ठेवायची तिथं लोखंडी गेट येतं. गल्लीतली दुकानं कमी झाली की किराणा आणायला लांब जावं लागतं, त्यासाठी पार्किंगमधली दुचाकी बाहेर निघते. असा हा फेरा आहे.

शिवाय मिळणारा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानानं किती बांधता येईल ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला असतो. अरुंद गल्लीतल्या मालकाला वाटतं रस्ता रुंद झाला तर आपला फायदा. मग रुंदीकरणाच्या रेषेत शेजारच्याचं अर्धं घर जातं. अशा प्रकरणात टीडीआर (दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क), जागेवरचं सार्वजनिक कामाचं आरक्षण आणि नुकसानभरपाई यांचं गणित १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यातून चालतं. हा कायदा मराठीत उपलब्ध आहे, तो मुळातून वाचा.

करता येण्यासारखं बरंच आहे. रस्त्याकडच्या भागात एक-दोन दुकानं किंवा दवाखाना ठेवावा. जिना आणि कट्टा रस्त्याकडे उघडावा. लहान सदनिका ठेवल्या तर पार्किंगची मागणी कमी होते आणि भाडेकरूही परत येऊ शकतात. भाडेकरू परत आला नाही तर तो पाचगावला जातो आणि रोज दोन फेऱ्या वाढतात, तेव्हा त्याचं परत येणं वाहतुकीचाही प्रश्न आहे. जुना बेसॉल्ट दगड, सागवानी तुळया परत वापरा. सिमेंट आणि पोलाद बनवताना होणारं प्रदूषण नव्या इमारतीच्या हिशेबात धरायला शिका. पाडण्याआधी दुरुस्ती होते का, हे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्या.

एकेका वाड्याऐवजी पूर्ण गल्लीचा विचार करता येतो का, याचा अभ्यास करायचा तर २००१ च्या भूकंपानंतरचं भुज बघा. तिथं जुन्या कोटाच्या आत नगररचना योजना राबवून भूखंडांची फेरमांडणी केली, प्रत्येकाकडून थोडी जागा घेऊन रस्ते आणि मोकळ्या जागा काढल्या. त्यात कुणाचं नुकसान झालं हेही शोधा.

शाहू मिलसारख्या मोठ्या बंद जागांचं काय व्हावं?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली ही गिरणी, तिच्या दगडी इमारती आणि चिमणी शहराच्या अगदी आत आहे. स्मारकाची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. अभ्यासकानं विचारायचं ते असं: जागेतून आरपार चालत जाता येईल का, की भिंत तशीच राहील? आत रोज जाण्यासारखं काही असेल का, की वर्षातून एकदा जयंतीला? मुंबईच्या गिरणगावात २००१ च्या नियमबदलानंतर काय झालं ते शेजारी ठेवून वाचा. मोकळी जागा आणि कामगारांची घरं यांचा वाटा तिथं कसा आकसला हे माहीत असलेला माणूस इथल्या आराखड्यावर हरकत नेमकी घेऊ शकतो.

पुराचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सुतारवाडा, कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी ही नावं सांगावी लागत नाहीत. जलसंपदा विभागाची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भर टाकून पार्किंग केलं, आवार सगळं काँक्रीटनं झाकलं, की पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. तळघरातलं पार्किंग पहिल्यांदा बुडतं. आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की गाडी असून उपयोग नाही, तेव्हा दूध, औषध, दवाखाना चालत गाठता येणारी वस्तीच तग धरते. पुनर्विकासाचा कुठलाही आराखडा पूररेषेच्या नकाशावर ठेवून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

बारावीनंतर यात कसं शिरायचं?

बी.प्लॅनिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेनचा पेपर २-बी द्यावा लागतो आणि बारावीला गणित लागतं. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट, ही नावं लक्षात ठेवा. पुण्यात सीओईपीमध्ये नगररचनेचं शिक्षण जुनं आहे. दर वर्षीचे नियम आणि शुल्क संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मी सिव्हिल केलंय, किंवा भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. उशीर झाला का?

नाही. एम.प्लॅन दोन वर्षांचं असतं आणि अनेक संस्था सिव्हिल, आर्किटेक्चर यांबरोबरच भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही घेतात. आयआयटी खरगपूर आणि रुरकी, नागपूरचं व्हीएनआयटी इथं नियोजनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ असा स्वतंत्र पेपर असतो. धोरण आणि कारभाराकडे ओढा असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतलं नागरी धोरणाचं एम.ए. बघा. घरची परिस्थिती बाहेर जाऊ देत नसेल तर स्वयम आणि एनपीटीईएलवरचे मोफत अभ्यासक्रम करा आणि शिवाजी विद्यापीठात भूगोल किंवा पर्यावरणशास्त्रात राहून प्रबंध शहरावर लिहा. असा प्रबंध कमी दर्जाचा मुळीच नसतो. इथली गल्ली आतून माहीत असलेला विद्यार्थी बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या चार पावलं पुढं असतो.

घरचे म्हणतात, याला नोकरी कुठं आहे?

राज्याच्या नगररचना विभागात सहायक नगररचनाकार आणि रचना सहायक अशी पदं असतात, जाहिरात कधी येईल ते मात्र आपल्या हाती नसतं. महापालिका, विकास प्राधिकरणं, सिडको, एमएमआरडीए, खासगी सल्लागार कंपन्या आणि वाहतुकीवर काम करणाऱ्या संशोधन संस्था माणसं घेतात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरएवढा नसतो, हे घरी आधीच सांगा. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही १९५१ पासूनची व्यावसायिक संस्था आहे, तिचं सभासदत्व पुढं उपयोगी पडतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे. अडेल का?

पुस्तकं इंग्रजीत आहेत, ती सवयीनं वाचता येतात. पण विकास आराखड्यावरच्या हरकती, सातबारा, मिळकतपत्रिका, सभेचे ठराव, रिक्षास्टँडवरची मुलाखत, सगळं मराठीत चालतं. तिथं तुम्ही कमी पडणार नाही.

माहिती कुठून मिळवायची?

२०११ च्या जनगणनेत कामाला जाण्याचं साधन आणि अंतर यांची जिल्हावार कोष्टकं आहेत. वाहन नोंदणीचे आकडे ‘वाहन’ डॅशबोर्डवर आरटीओनिहाय मिळतात, आपला क्रमांक एमएच ०९. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा आणि क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं लावून कळंबा-पाचगाव बाजूची वाढ वर्षागणिक बघता येते. विकास आराखडा महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतो, न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा, प्रश्न एका वेळी एक आणि नेमका ठेवा. जुन्या शहरासाठी १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर, विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आणि पुराभिलेखाचं दप्तर आहे. शाहूपुरी व्यापारपेठ आणि राजारामपुरीच्या क्रमांकाच्या गल्ल्या कशा आखल्या गेल्या ते तिथं शोधत बसलात तर एखादा महिना कसा गेला कळणार नाही.

मोजणी, मुलाखती करायला परवानगी लागते का?

सार्वजनिक फुटपाथवर वही घेऊन मोजायला लागत नाही. तरी चौकातल्या वाहतूक पोलिसाला आधी सांगा आणि कॉलेजचं पत्र खिशात ठेवा. देवळाच्या आवारात करायचं असेल तर देवस्थान समितीकडे लेखी अर्ज द्या. केएमटीच्या गाडीत प्रवाशांना विचारायचं असेल तर विभागाला कळवा आणि त्या दिवशी वाहकालाही सांगा. चेहरे ओळखू येतील असे फोटो घेऊ नका, मुलांचे तर अजिबात नाही. फेरीवाल्याची मुलाखत त्याच्या धंद्याच्या वेळेत नको, दुपारी गर्दी ओसरल्यावर घ्या. त्याचं नाव अहवालात घालू नका. आणि अहवाल झाला की त्याची दोन पानी मराठी प्रत त्या गल्लीतल्या तालमीत, बसथांब्यावरच्या दुकानात आणि प्रभाग कार्यालयात नेऊन द्या. त्यावर आलेल्या दुरुस्त्या पुढच्या गटाच्या हाती पडतील अशा ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच चौकात, त्याच तक्त्यावर, त्याच तारखांना मोजता येईल.